मुभा कोणाकडे ठेवायची?

गेल्या महिन्यात भोसरीत लघुउद्योजकांच्या एका बैठकीला गेलो होतो. विषय होता ‘ऑफिसच्या कामाचं ऑटोमेशन’. पहिल्या वक्त्याने पडद्यावर कोष्टक दाखवलं: हिशेब खात्यात आधी किती माणसं होती, सॉफ्टवेअर आल्यावर किती उरली. दुसरे वक्ते कामगार चळवळीतले. त्यांनी तेच कोष्टक परत लावायला सांगितलं आणि विचारलं, वजा झालेली माणसं आता काय करतात? टाळ्या दोघांनाही पडल्या. चहाच्या वेळी शेजारी उभे असलेले, प्रेस शॉप (पत्र्याचे भाग दाबून बनवण्याचा कारखाना) चालवणारे एक गृहस्थ मला म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो. पण माझं एक बिल साडेतीन महिने अडकलंय आणि फोन कुणाला करायचा तेच कळत नाही. तिकडे आता कुणी बसतच नाही.”

दोन तासांच्या चर्चेत कामाचं वाक्य हे एवढंच होतं, आणि ते व्यासपीठावरून आलं नाही.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. अशाच कारखान्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडून देणं हा माझा धंदा आहे. ईमेलवर आलेली ऑर्डर टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरवायची, बिल झालं की ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलवरचा बिलाचा नोंदणी क्रमांक) ओढून आणायचा, पैसे जमा झाले की पार्टीला व्हॉट्सअ‍ॅप पाठवायचा. झॅपियर, मेक, झोहो फ्लो, एन-एट-एन, नावं वेगळी, तत्त्व एकच: हे घडलं की ते कर. अशा साखळीला आम्ही ‘फ्लो’ म्हणतो. त्यामुळे ऑटोमेशन नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी बोलेन अशी अपेक्षा कुणी करू नये. तरीही मला वाटतं, की या वादात दोन्ही बाजू डोकी मोजत बसल्या आहेत आणि खरी हलवाहलव कुणाच्या लक्षातच येत नाही. ऑटोमेशन पहिल्यांदा उचलतं ती मुभा. ‘बघतो’, ‘या वेळी राहू दे’, ‘आधी फोन करून विचारतो’ असं म्हणण्याची, नियमाच्या काठावर बसलेल्या माणसाची मुभा. ती नाहीशी होत नाही. ज्याने तो फ्लो बांधला त्याच्याकडे जाते, आणि त्याने ती एका दुपारी, पुढच्या सगळ्या प्रसंगांसाठी एकदाच वापरून टाकलेली असते. म्हणून माझं म्हणणं असं: ऑटोमेशन जरूर करा, पण मुभा कुठून काढली, कुठे ठेवली आणि आता ती कोणाच्या नावावर आहे, हे लिहिल्याशिवाय करू नका.

त्या अडकलेल्या बिलाकडेच पाहू. मोठ्या कंपन्यांत बिल पास होण्यापूर्वी तीन कागद जुळावे लागतात: त्यांनी दिलेला पीओ (खरेदीची ऑर्डर), माल उतरल्यावर स्टोअरने केलेला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि पुरवठादाराचं बिल. या गृहस्थांनी ५०० नग पाठवले, तिकडे ४९८ मोजले गेले. पूर्वी बिल पास करणारा कारकून फोन करायचा, “दोन नगांची डेबिट नोट घ्या, बाकीचं सोडतो.” आता सिस्टिम दोन नगांसाठी पूर्ण बिल थांबवते. पोर्टलवर लाल ठिपका दिसतो, हेल्पलाइनवर तिकीट नंबर मिळतो, आणि आठवड्याने ते तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद होतं. बिल तिथेच असतं. कायदा पुरवठादाराच्या बाजूने आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे रोखता येत नाहीत. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. मग पोर्टलवरचा तो लाल ठिपका म्हणजे लेखी हरकत का? असेल तर ती कुणी घेतली? त्याखाली सही कुणाची? कायदा लिहिणाऱ्यांनी हरकत घेणारा एक माणूस गृहीत धरला होता. कंपनीने तोच काढून टाकला, आणि हरकत मात्र ठेवली.

गंमत म्हणजे याच तीन कागदांच्या जुळणीवर ऑटोमेशनच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण उभं आहे, आणि ते नेहमी चुकीच्या कारणासाठी सांगितलं जातं. १९८०च्या दशकात फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देयक विभागात ५००हून अधिक माणसं होती. संगणकाच्या मदतीने ती ४००वर आणायचा बेत होता. मग त्यांनी माझ्दा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं. तिथे हेच काम पाच जण करत होते. कंपन्यांचे आकार वेगळे हे धरूनही तफावत लपण्यासारखी नव्हती. शोध घेतल्यावर कळलं, की फोर्डच्या माणसांचा बहुतेक वेळ न जुळणारे कागद जुळवण्यात जात होता. तेव्हा त्यांनी जुळणी वेगाने करण्याऐवजी पुरवठादाराचं बिलच रद्द केलं. ट्रक धक्क्यावर आला की तिथला माणूस पडद्यावर ऑर्डर पाहणार. माल तिच्याशी जुळला तर स्वीकारणार, नाही तर परत पाठवणार. स्वीकारला की चेक आपोआप निघणार. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० साली ही हकीकत लिहिली, आणि तेव्हापासून ती ‘७५ टक्के माणसं कमी झाली’ या एका आकड्यासाठी सांगितली जाते. माणसं कमी झाली, नाही असं नाही. पण त्याआधी काय झालं ते पाहा. फोर्डने निर्णयाची मुभा ऑफिसातून उचलून धक्क्यावर नेऊन ठेवली, जिथे माल समोर आहे, ड्रायव्हर समोर आहे आणि दोन नग कमी असतील तर दोघांच्या देखत मोजता येतात. आपल्याकडे याच्या बरोबर उलट चाललं आहे. तिन्ही कागद जिवंत ठेवले, त्यांच्यातला झगडा जिवंत ठेवला, आणि तो मिटवणारा तेवढा घरी पाठवला. याला फोर्डचं अनुकरण कसं म्हणायचं?

आता यावरचा सर्वांत जड आक्षेप घेतो, कारण तो मलाही टोचतो. मुभेचं एवढं कौतुक करताय, तर तहसील कचेरीत कधी उभे राहिला नाहीत का? आपल्याकडे ‘बघतो’ या शब्दाला दर असतो. कारकुनाच्या हातात मुभा म्हणजे फाइलवर वजन. रेल्वेचं आरक्षण संगणकावर येण्यापूर्वी खिडकीपलीकडच्या माणसाच्या रजिस्टरात किती बर्थ शिल्लक आहेत, हे त्याच्याशिवाय कुणालाच दिसत नसे. ज्यांनी मे महिन्यात कोकणाबाहेरच्या लग्नांना जाण्यासाठी रात्रभर रांगा लावल्या, त्यांना यंत्राच्या आंधळेपणातला न्याय कळतो. यंत्र आडनाव विचारत नाही. गरीब माणसाला साहेबाच्या दयेपेक्षा यंत्राचा कोरडेपणा परवडतो, असं कुणी म्हटलं तर ते मी खोडून काढणार नाही. खोडता येणारही नाही.

पण या आक्षेपात एक गृहीत लपलेलं आहे: मुभा काढली की लाच जाते. प्रत्यक्षात काय होतं ते ई-वे बिलात, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदात, सगळ्या देशाने पाहिलं. १ एप्रिल २०१८पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झालं. त्यात गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला तरी कायद्याच्या अक्षराप्रमाणे माल अडवता येत होता, आणि सोडवायचा तर कर अधिक तेवढाच दंड भरायचा. यंत्राच्या लेखी ‘४’ आणि ‘९’ यांच्यात क्षमा करण्यासारखं काही नाही. नियम असा ताठ आणि रस्त्यावर मात्र माणूस उभा. मग दर ठरायला कितीसा वेळ लागतो? त्याच वर्षी १४ सप्टेंबरला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं. गाडीच्या नंबरातले एक-दोन आकडे चुकले, नावाचं स्पेलिंग चुकलं पण जीएसटी क्रमांक बरोबर आहे, पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर आहे, अशा चुकांना केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० रुपये एवढाच दंड. साडेपाच महिन्यांत सरकारला कळलं, की मुभा द्यावीच लागते. ती तोंडी दिली तर तिचा बाजार होतो, म्हणून ती मोजून लिहून द्यावी. ‘एक-दोन आकडे’ हे शब्द मला फार आवडतात. इतकी नेमकी दया सरकारी कागदावर क्वचित वाचायला मिळते.

सातबाऱ्याचंही तेच. ई-फेरफारमध्ये दस्त नोंदला गेला की त्याची सूचना तलाठ्याकडे आपोआप जाते. अर्ज घेऊन हेलपाटे घालण्याची गरज उरत नाही. ही सुधारणाच आहे. पण फेरफार त्याच क्षणी मंजूर होत नाही. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तांत्रिकदृष्ट्या हे १५ दिवस १५ सेकंदांवर आणणं मला, किंवा माझ्यासारख्या कुणालाही, अवघड नाही. आणू नयेत. कारण ते दिवस वाया जात नसतात. ज्या बहिणीला न विचारता भावाने जमीन विकली, तिच्यासाठी ते राखलेले असतात. शिवाय हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना नावं गळली, क्षेत्रं बदलली, तेव्हा लोकांना सावरलं ते महसूल संहितेच्या १९६६ सालच्या कलम १५५ने, लेखनप्रमाद दुरुस्त करण्याच्या तहसीलदाराच्या अधिकाराने. संगणकाच्या चुका निस्तरायला संगणकापूर्वीचं कलम उपयोगी पडलं. त्या कलमाचाही गैरवापर होतो, हे मान्य. पण तिथे आदेशावर नाव असतं, तारीख असते, अपील असतं. लाल ठिपक्यावर काय अपील करणार?

आणि अपिलाचं दारच नसलं की गोष्ट कुठवर जाते? ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली आणली. गावोगावची उपटपाल कार्यालयं चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. तूट प्रणालीतल्या दोषांमुळे होती, पण करार असा की तूट त्यांनीच भरायची. अनेकांनी घरं गहाण ठेवून भरली. २०१५पर्यंत ९००हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. कोर्टात त्यांचा निभाव का लागला नाही? कारण संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याची अट इंग्लंडच्या कायद्यातून नुकतीच काढली गेली होती. तो नीटच चालतो असं धरून चालायचं, नाही म्हणणाऱ्याने दाखवून द्यायचं. खेड्यातल्या पोस्टमास्तरणीने ते कसं दाखवायचं? २०१९मध्ये उच्च न्यायालयाने दोष मान्य केले, आणि अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. सदोष सॉफ्टवेअर ही यातली छोटी गोष्ट. आकडा आणि माणूस यांच्यात भांडण झालं तर ऐकून घेणारा कोण, हे पद त्या व्यवस्थेत कुणी निर्माणच केलं नव्हतं.

आपल्या जुन्या दफ्तरांत या प्रश्नाचं उत्तर फार साध्या पद्धतीने दिलेलं दिसतं. मराठेशाहीतलं अधिकृत पत्र पाहा: माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर जिथे संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ असं मोर्तब, म्हणजे त्यापुढे कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. चिटणीस, फडणीस, मुजुमदार, प्रत्येकाचं काम वेगळं. हासुद्धा वर्कफ्लोच होता. आताच्या फ्लोमध्ये या टप्प्यावर काय असतं? एक हिरवी टिकमार्क. ती कुणाची, हे विचारलं की उत्तर येतं, ‘सिस्टिमची’.

छोट्या कारखान्यांचं म्हणणं असतं, की हे सगळं मोठ्यांना सांगा. आम्हाला लिहायला वेळ कुठे, माणूस कुठे? आधी चालू करू, मग बघू. या अडचणीची मला कल्पना आहे. पण ‘मग बघू’चे प्रसंग मी निस्तरतो, म्हणून सांगतो. एका ठिकाणी सगळा फ्लो मालकांच्या भाच्याने स्वतःच्या ऑफिस ईमेलवरून बांधला होता. भाचा जर्मनीला गेला, खातं बंद केलं, आणि अकरा दिवस एकही बिल पार्टीला गेलं नाही. कुठेही चूक दिसत नव्हती. नुसतं काही घडत नव्हतं. दुसरीकडे इंटरनेट अडखळलं म्हणून सॉफ्टवेअरने तीच ऑर्डर पुन्हा पाठवली आणि टॅलीत दोन बिलं झाली. ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर एकच बिल-क्रमांक दोनदा चालत नाही, दुसरा धुडकावला जातो. पण इथे फ्लोने क्रमांकच नवीन दिला होता. आयआरएन २४ तासांत रद्द करता येतो. कळलं तिसऱ्या दिवशी. मग क्रेडिट नोट, सीएचा फोन, आणि ‘तुमच्या ऑटोमेशनने’ अशी सुरुवात असलेली वाक्यं.

तिसरी चूक माझी स्वतःची. थकबाकीची आठवण आपोआप पाठवणारा फ्लो मी एका कारखान्याला करून दिला. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची खतावणीत दोन खाती होती, एक प्रोप्रायटरशिपचं, एक एलएलपीचं. एका खात्यात डायसाठी (साच्यासाठी) दिलेला ॲडव्हान्स पडून, दुसऱ्यात बिल थकलेलं. हिशेब बघणाऱ्या बाईंना ठाऊक होतं की दोन्ही एकच माणूस. मी त्यांना विचारलं नाही, कारण मला वाटलं सगळं टॅलीत आहे. त्या गिऱ्हाइकाला आठवड्यात तीन कडक स्मरणपत्रं गेली, आणि चौथ्या दिवशी त्याने टेम्पो पाठवून आपली डाय उचलून नेली. नियम लिहायला लागला असता अर्धा तास. बाईंशी बोलायला दहा मिनिटं. यापुढे ‘वेळ नाही’ हे कारण मी कुणाकडून ऐकून घेत नाही, स्वतःकडूनही.

मोठ्यांकडे वेळ आणि माणसं असूनही तेच होतं, हेही खरं. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या स्वयंचलित प्रणालीने १ ऑगस्ट २०१२ला ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर घालवले. बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्याच अंतर्गत प्रणालीने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ इशारेवजा ईमेल पाठवले होते. ते अख्ख्या गटाला गेले होते, म्हणजे कुणालाच गेले नव्हते.

राहिला नोकऱ्यांचा प्रश्न. तो मी टाळतोय असं वाटू नये. हा वाद जुना आहे. साठच्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा बसवून संगणक आत येऊ दिला नव्हता. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली, तिचा अहवाल १९७२चा. बँकांत १९८३ साली संघटनांशी करार होऊन, मर्यादा घालून यंत्रं आली. ‘तेव्हाही ओरड झाली, काही बिघडलं का?’ असं आज सहज विचारलं जातं. मला हा प्रश्न उद्धट वाटतो. त्या विरोधामुळे यंत्रं चर्चेने आली, टप्प्याटप्प्याने आली, आणि कुणाचं काम बदलणार हे आधी बोलावं लागलं. आजचा फ्लो एका शनिवारी चालू होतो आणि सोमवारी टेबल रिकामं असतं.

कामगार चळवळीतल्या त्या वक्त्यांचा एक मुद्दा तर मला अजून परतवता आलेला नाही. ते म्हणाले, बी.कॉम. झालेली मुलगी चाकणला, भोसरीला येते ती टॅलीत एन्ट्री मारायला. ती तिची पहिली पायरी. तुम्ही शिडी ठेवता आणि पहिली पायरी काढता. यावर मी एवढंच म्हणू शकतो, की एन्ट्री मारून कुणी अकाउंटंट झाल्याचं मी पाहिलेलं नाही. न जुळणारी खाती जुळवताना, पार्टीशी फोनवर वाद घालताना माणसं हिशेब शिकतात. अडकलेली बिलं माणसाकडे यावीत अशी सोय फ्लोमध्ये ठेवली, तर शिकण्याची ती जागा राहते. पण तिथे आधी पाच मुली बसायच्या, आता एक बसेल. उरलेल्या चौघींचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

बैठकीतले प्रेस शॉपवाले गृहस्थ पंधरा दिवसांनी माझ्याकडे आले. त्यांनाही फ्लो हवा होता, त्यांच्या जॉबवर्कवाल्यांच्या, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्यांच्या, बिलांसाठी. मालासोबतचं चलन आणि बिल जुळलं नाही की बिल आपोआप थांबवायचं, कुणी मध्ये बोलायचं नाही. मी विचारलं, “प्लेटिंगवाल्याचे दोन नग कमी भरले तर त्याने फोन कुणाला करायचा?” ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझाच नंबर टाका. पण सकाळी दहानंतर.”